पानांवरील डाग: निदान आणि उपचार



आपल्या गच्चीवर किंवा सज्ज्यांत ज्यांनीं म्हणून चार कुंड्या मांडल्या आहेत, त्यांच्यावर एक प्रसंग केव्हां तरी ओढवल्याशिवाय राहत नाहीं. काल-परवांपर्यंत टवटवीत दिसणाऱ्या गुलाबाच्या किंवा जास्वंदीच्या पानांवर एके दिवशीं सकाळीं डाग दिसूं लागतात. घरांतील मंडळी कुंडीभोंवतीं जमतात. एक म्हणतो, पाणी कमी पडलें; दुसरा म्हणतो, पाणी फार झालें; शेजारच्या काकू आपल्याकडील उरलेलें औषध आणून देतात, आणि त्याच संध्याकाळीं तें झाडावर पडतें. रोग कोणता, हा प्रश्न मात्र कोणीच विचारीत नाहीं. आज मला जें सांगावयाचें आहे तें एवढेंच, कीं हा प्रश्न आधीं विचारला पाहिजे. कारण, दिसावयास बहुतेक सारख्याच अशा दोन डागांचीं कारणें एकमेकांच्या अगदीं उलट असूं शकतात. आणि एकास जो उपाय लागू पडतो, त्याच उपायानें दुसरा रोग पोसला जातो.

हें शहाणपण मला पुस्तकांतून आलेलें नाहीं; एक झाड गमावून आलेलें आहे. आमच्या मंडळींनीं माहेराहून आणलेल्या काडीपासून गुलाबाचें एक झाड वाढविलें होतें. कित्येक वर्षें तें फुलत होतें. एका चैत्रांत त्याच्या पानांवर फिकट ठिपके दिसूं लागले, पानें तांबूस होऊन गळूं लागलीं. गुलाबावर बुरशीचे डाग पडतात हें मीं वाचलेलें होतें. तेव्हां ही बुरशीच, असा निकाल देऊन मी मोकळा झालों. दर आठव्या दिवशीं ताम्रयुक्त औषध फवारलें; आणि बुरशीला ओलावा हवा असतो म्हणून पानांवर पाण्याचा थेंबहि पडूं दिला नाहीं. पानगळ थांबेना. महिन्याभरानें माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. तो आतां महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकवितो. त्यानें माझ्याजवळ एक कोरा कागद मागितला, तो फांदीखालीं धरला आणि पानांवर हलकेंच टिचकी मारली. कागदावर धूळ पडली. आम्ही पाहत राहिलों. आणि त्या धुळीतले कांहीं कण चालूं लागले.

ते लाल कोळी होते. हा कीटक नव्हे, आठ पायांचा, कोळ्याच्या कुळांतला सूक्ष्म जीव आहे. कोरडी, उष्ण हवा त्याला मानवते आणि बुरशीच्या औषधाची त्याला पर्वा नसते. म्हणजे महिनाभर पानें कोरडीं ठेवून मीं त्याचीच सोय लावून दिली होती. सकाळीं पानांच्या खालून पाण्याची जोरदार धार मारली असती तर झाड बहुधा वांचलें असतें. वैशाख संपतां संपतां तें वाळून गेलें. घरांत मला कोणीं शब्दानें बोल लाविला नाहीं; पण ती रिकामी कुंडी पुष्कळ दिवस जागच्या जागीं होती आणि येतां जातां दिसत होती.

ज्याचा जन्म मास्तरकींत गेला त्यानें तरी ही चूक करावयास नको होती. वर्गांत दोन मुलांचें एकच गणित चुकतें. एकाला पाढे येत नसतात. दुसऱ्याला पाढे येत असतात, पण फळ्यावरचे आंकडे दिसत नसतात. पहिल्याला पाठांतर द्यावयाचें, दुसऱ्याला चष्मा. उत्तर चुकलें एवढ्यावरून दोघांनाहि एकच शिक्षा करणारा मास्तर जसा, तसा डाग दिसतांच पिचकारी उचलणारा माळी.

तर मग परीक्षा कशी करावी? साधनें थोडीं लागतात: दसपट मोठें दाखविणारें एक भिंग, एक पांढरा कागद, शाईची लेखणी आणि एक वही. झाड सकाळच्या स्वच्छ उजेडांत आणावें आणि त्याला क्रमानें सहा प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: डाग पुसला जातो काय? ओलें बोट पानावरून फिरवावें. काळा थर बोटाला लागून पान खालून हिरवें निघालें, तर ती काजळी होय. मावा, पिठ्या ढेकूण असले किडे पानाचा रस शोषून चिकट गोड द्रव टाकतात आणि त्या द्रवावर ही काळी बुरशी वाढते. जास्वंदीवर हा प्रकार नित्याचा आहे. येथें बंदोबस्त किड्यांचा करावयाचा. काजळी धुऊन जाते. पांढरे ठिपके पुसले गेले, तर ते बहुधा जड पाण्यांतील क्षारांचे असतात आणि त्यांपासून फारसें भय नाहीं. परंतु पांढरी पूड पुसल्यावर दोन-चार दिवसांनीं पुन्हां आली आणि कोंवळीं पानें वांकडीं होऊं लागलीं, तर ती भुरी समजावी.

दुसरा प्रश्न: डाग कोणत्या पानांवर आहेत? बुरशीचे डाग पुष्कळदां तळच्या, जुन्या पानांपासून सुरू होऊन वर चढतात. कारण पावसाचे अथवा झारीचे शिंतोडे मातीवरून व गळलेल्या पानांवरून प्रथम तेथेंच उडतात. केवळ उन्हाकडील पानांवरच फिकट, कागदासारखे कोरडे चट्टे पडले असले, तर तो उन्हाचा चटका आहे. पानांचीं टोंकें आणि कडा तेवढ्या करपल्या असून कुंडीच्या कांठावर पांढरा थर जमला असला, तर मातींत क्षार सांठले आहेत. सगळ्यांत वरचीं नवीं पानें पिवळीं पण शिरा हिरव्या, असें दिसलें तर तो डागांचा रोगच नव्हे. झाडाला लोह मिळत नाहीं.

तिसरा प्रश्न: पानाच्या पाठीवर काय आहे? आपण पानें वरून पाहतों; किडे खालीं राहतात. कागदावर टिचकी मारण्याची परीक्षा मीं सांगितलीच. सुईच्या टोंकाएवढे असंख्य फिकट ठिपके आणि खालीं बारीक जाळें, हें लाल कोळ्याचें लक्षण. रुपेरी ओरखडे आणि त्यांत काळे कण, हें फुलकिड्यांचें. तुळशीच्या पानांवर फिकट ठिपके आणि पाठीवर काळपट विष्ठेचे कण दिसले, तर जाळीदार पंखांचा एक बारीक ढेकणासारखा किडा तेथें सांपडेल. लिंबाच्या पानांत रुपेरी नागमोडी रेघा दिसल्या, तर पान पोखरणारी अळी आंत आहे.

चौथा प्रश्न: डागाचा आकार आणि कांठ कसा आहे? गुलाबाच्या पानाच्या वरच्या बाजूस काळा, वाटोळा, झालरीसारख्या फाटक्या कडेचा डाग, भोंवतीं पान पिवळें पडलेलें आणि हात लावतांच गळणारें, हा गुलाबाचा प्रसिद्ध काळा डाग. शास्त्रज्ञ त्या बुरशीला डिप्लोकार्पन रोझी म्हणतात. अन्य कित्येक बुरशींच्या डागांत एकांत एक वर्तुळें दिसतात आणि भिंगांतून काळे टिंब दिसतात. ते बुरशीचे बीजाणु तयार होण्याचे कोश. उलट, डाग प्रथम पाण्यानें भिजल्यासारखा, उजेडासमोर धरला असतां पारदर्शक आणि शिरांनीं अडविल्यामुळें कोनाकोनांचा दिसला, तर जीवाणूंचा संशय घ्यावा. कागदी लिंबाच्या पानावर दोन्हीं बाजूंस उंचवटा आलेले, बुचासारखे खरखरीत, पिवळ्या वलयाचे डाग पडतात. तो खैऱ्या रोग, आणि तो जीवाणूंचाच.

पांचवा प्रश्न: डाग वाढतो काय? येथें शाईची लेखणी कामास येते. तीन-चार डागांच्या कडेनें शाईचें वर्तुळ काढावें, वहींत तारीख आणि पानांची संख्या लिहावी, आणि आठ दिवस थांबावें. डाग वर्तुळाबाहेर गेला अथवा नव्या पानांवर नवे डाग आले, तर रोग जिवंत आहे. डाग होता तेवढाच राहिला आणि नवीन पालवी स्वच्छ आली, तर तो जुना घाव आहे; त्यावर औषध मारणें म्हणजे वाळलेल्या जखमेवर मलम चोळणें. आठ दिवसांत झाड हातचें जात नाहीं. फक्त पानगळ झपाट्यानें होत असेल तर थांबूं नये.

सहावा प्रश्न झाडाला नव्हे, स्वतःला विचारावयाचा: गेल्या पंधरवड्यांत आपण काय केलें? कुंडी सावलींतून एकदम उन्हांत ठेवली काय? खत मूठभर अधिक पडलें काय? भर दुपारीं औषध फवारलें काय? आणि ऋतु कोणता आहे? चैत्र-वैशाखांत पुण्यासारख्या कोरड्या हवेच्या गांवीं डाग पडले तर प्रथम कोळी, ऊन आणि क्षार यांचा संशय घ्यावा. आषाढ-श्रावणांत मुंबईस किंवा कोंकणांत पडले तर प्रथम बुरशी आणि जीवाणु यांचा.

एवढी परीक्षा झाल्यावर उपचार सोपा होतो. बुरशीपासून आरंभ करूं. बुरशीचा बीजाणु पानावर पडला म्हणून लगेच रोग होत नाहीं. गुलाबाच्या काळ्या डागाच्या बीजाणूला रुजून पानांत शिरावयास पान सुमारें सात तास सतत ओलें असावें लागतें. आतां हिशेब पाहा. सायंकाळीं सहा वाजतां आपण हौसेनें झारीनें झाडाला आंघोळ घालतों. तीं पानें रात्रभर सुकत नाहींत आणि सकाळीं सातपर्यंत ओलीं राहतात. तेरा तास झाले. तेंच पाणी सकाळीं, पानांवर न घालतां बुंध्याशीं घातलें, तर त्या बुरशीचा निम्मा कारभार आटोपतो. यास खर्च कांहींच नाहीं.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. डागाळलेलीं पानें कात्रीनें काढावींत. मात्र एका वेळीं एकतृतीयांशाहून अधिक पानें काढूं नयेत, कारण उरलेल्या पानांवरच झाडाचें पोट चालतें. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटनें पुसावी. गळलेलें पान कुंडींत राहूं देऊं नये. पुढचा रोग त्यांतूनच उठतो. झाड ओलें असतांना त्याला हात लावूं नये, कारण जीवाणु आपल्या बोटांवरून प्रवास करतात. कुंड्या एकमेकींना चिकटून न ठेवतां त्यांत वीतभर तरी अंतर ठेवावें. पावसाळ्यांत गुलाबाची कुंडी सकाळचें ऊन मिळेल पण पाऊस लागणार नाहीं अशा वळचणीस न्यावी. आपल्याकडे पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यांत गुलाबाची छाटणी करतात. तेव्हां आंतल्या दाटलेल्या फांद्या काढून झाडाच्या पोटांत वारा खेळेल असें करावें.

एवढें करूनहि रोग वाढत असेल तरच औषध. ताम्राच्या औषधाची कथा मनोरंजक आहे. फ्रान्समध्यें बोर्दो शहराजवळील मेदोक प्रांतांत रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर, वाटसरूंनीं द्राक्षें चोरूं नयेत म्हणून, मोरचूद आणि चुना यांचें निळसर मिश्रण शिंपडीत असत. १८८२ सालीं प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षांत आलें, कीं इतर वेलींचीं पानें केवडा रोगानें गळलीं असतां या वेलींचीं मात्र शाबूत आहेत. त्यांनीं प्रयोग करून १८८५ सालीं तें मिश्रण प्रसिद्ध केलें. तेंच बोर्दो मिश्रण. आपल्या कोंकणांत आणि गोव्यांत सुपारीच्या बागांवर कोळेरोगासाठीं आजहि तें फवारतात.

घरीं करावयाचें तर एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम कळीचा चुना. अर्ध्या लिटरांत मोरचूद विरघळवावें. उरलेल्या अर्ध्या लिटरांतील थोड्या पाण्यांत चुना आधीं विझवून मग बाकीचें पाणी घालावें. भांडीं मातीचीं किंवा प्लॅस्टिकचीं घ्यावींत, लोखंडाचीं घेऊं नयेत. मोरचुदाचें पाणी हळूहळू चुन्याच्या पाण्यांत ओतून ढवळावें. मग लोखंडी खिळा घासून त्यांत थोडा वेळ बुडवावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी घालावा. मिश्रण गाळून त्याच दिवशीं वापरावें. गुलाबाच्या कोंवळ्या पानांना पूर्ण मात्रा कधीं कधीं सोसत नाहीं. तेथें दोन्हीं द्रव्यें निम्मीं घ्यावींत आणि प्रथम एकाच फांदीवर फवारून दोन दिवस पाहावें. ज्यांना ही खटपट नको, त्यांना बाजारांत कॉपर ऑक्सिक्लोराइडची पूड मिळते. पन्नास टक्के शक्तीची असल्यास लिटरला अडीच ते तीन ग्रॅम पुरते. वेष्टनावरील सूचना वाचल्याशिवाय मात्र डबी उघडूं नये. आणि नाकावर कापड, हातांत मोजे घेऊन, लहान मुलांना दूर पाठवूनच काम करावें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. हें औषध डाग बरा करीत नाहीं. डागाळलेलें पान पुन्हां हिरवें होत नाहीं. जळालेलें वस्त्र जसें शिवून मूळचें होत नाहीं तसेंच तें. औषध निरोगी पानावर पातळ कवच घालतें, म्हणजे नवा बीजाणु तेथें रुजत नाहीं. म्हणून औषध लागू पडलें कीं नाहीं हें जुन्या पानांवर पाहूं नये, नव्या पालवीवर पाहावें; आणि नवी पालवी आली कीं आठ-दहा दिवसांनीं पुन्हां फवारावें. परंतु तांबें कुजत नाहीं, उडत नाहीं. कुंडीच्या ओंजळभर मातींत तें सांठत जातें. यास्तव गरजेपुरतेंच वापरावें. लिंबाच्या खैऱ्या रोगावरहि ताम्राचाच उपाय. मात्र रोगट डहाळ्या आधीं कापून काढाव्यात आणि पान पोखरणाऱ्या अळीकडे लक्ष ठेवावें, कारण तिनें केलेल्या जखमांतूनहि जीवाणु आंत शिरतात.

कोळ्यांचा उपाय अगदीं निराळा. सकाळीं लवकर पानांच्या पाठीवर पाण्याची जोराची धार मारावी, म्हणजे दिवसा पानें सुकतात. तीन-चार दिवसांच्या अंतरानें निदान तीनदां तरी मारावी, कारण पाठीमागें राहिलेलीं अंडीं मागाहून फुटतात. तेवढ्यानें न भागलें तर लिटरभर पाण्यांत पांच मिलिलिटर निंबोळीचें तेल आणि साबणाच्या पाण्याचे कांहीं थेंब घालून, ऊन उतरल्यावर फवारावें. तहानेल्या झाडावर किंवा कडक उन्हांत तेल कधींहि मारूं नये. नवेच डाग पडतात. पिठ्या ढेकूण थोडे असतां स्पिरिटांत भिजविलेल्या कापसानें टिपून काढावेत आणि मुंग्यांची वाट अडवावी, कारण मुंग्या त्यांची राखण करतात. क्षार सांठले असतील तर चांगल्या पाण्यानें कुंडी सावकाश धुवावी. कुंडींत मावेल त्याच्या दुप्पट पाणी तळच्या भोंकांतून वाहूं द्यावें, आणि तीं भोंकें मोकळीं आहेत कीं नाहींत तें आधीं पाहावें. उन्हाचा चटका बसला असल्यास कुंडी सावलींत घेऊन आठ-दहा दिवसांत हळूहळू पुन्हां उन्हाची संवय करावी. ह्या दोहोंस औषधाची गरजच नाहीं.

शेवटीं एक गोष्ट विशेष आग्रहानें सांगतों. तुळस, कढीलिंब, पुदिना, गवती चहा हीं झाडें कुंडींत असलीं तरी तीं आपल्या स्वयंपाकघराचींच आहेत. तुळशीचें पान तीर्थांत पडतें, खोकला झालेल्या नातवाच्या काढ्यांत पडतें. गुलाबासाठीं सिद्ध केलेल्या औषधाची उरलेली पिचकारी, वायां जाऊं नये म्हणून, तुळशीवर मारणारे सज्जन मीं पाहिले आहेत. त्यांचा हेतु चांगला असतो. परंतु तें पान उद्यां कोणाच्या तरी पोटांत जावयाचें असतें. खाण्याच्या झाडांना डागाळलेलीं पानें खुडणें, मंजिऱ्या वेळच्या वेळीं काढणें, पानें पाण्यानें धुणें आणि ऊन-वारा देणें, एवढेंच पथ्य ठेवावें. तेवढ्यानें तुळस सुधारली नाहीं, तर बीं पेरून नवें रोप करावें. तें थोड्याशा मातींत उगवतें.

आमच्या वाळलेल्या गुलाबाची एक काडी मंडळींनीं पूर्वीं शेजारीं दिली होती. तिचें तेथें चांगलें झाड झालें आहे. गेल्या वर्षीं छाटणीच्या वेळीं त्याचीच एक काडी आमच्याकडे परत आली आणि त्या रिकाम्या कुंडींत लागली. परवां तिच्या तळच्या एका पानावर मला एक काळसर ठिपका दिसला. मीं भिंगानें पाहिला, पानाची पाठ पाहिली, कागदावर टिचकी मारली, आणि ठिपक्याभोंवतीं शाईचें वर्तुळ काढून वहींत तारीख लिहिली. आज पांचवा दिवस. ठिपका अद्याप वर्तुळाच्या आंत आहे आणि औषधाची डबी कपाटांत आहे.